कुकटपल्लीचा दुखवटा

आमच्या दाजींच्या दुखवट्याला आम्ही मुरूमहून चौघं निघालो आणि चौघांनाही हैदराबाद माहीत होतं. एकालाही माहीत नसतं तर बरं झालं असतं. विचारत विचारत दुपारच्या आत पोहोचलो असतो.

दाजी म्हणजे रामलिंग, माझ्या धाकट्या बहिणीचे, हारणाबाईचे यजमान. उभा संसार हैदराबादेत झाला, गेले ते मुलाच्या नव्या फ्लॅटवर. भाच्याचा, कुमारचा, फोन आला तेव्हा तिकडं सगळं उरकत आलं होतं. "मामा, धावपळ करू नका, तुम्ही येईपर्यंत थांबता येणार नाही," असं तो म्हणाला. शहरात मेलेल्या माणसालासुद्धा ताटकळायला जागा नसते. तेव्हा माती चुकली ती चुकलीच. राहिला दुखवटा, आणि दुखवट्याला न्यायची माहेरची भाकरी.

आमच्या घराण्यात रीत अशी की नवरा गेलेल्या बाईला माहेरच्या माणसांनी आपल्या चुलीवरची भाकरी नेऊन पहिला घास भरवायचा. तोवर ती बाई चहावर, फार तर दुधावर दिवस काढते. ताटावर बसत नाही. हारणीला सख्खं माहेर म्हणजे आता मी एकटा. आईवडील गेले, मधला भाऊ गेला. मी पोहोचलो नाही तर तिनं कुणाच्या हातचं खायचं? हा प्रश्न माझ्या जिवाला लागला होता. पुढं जे काही हसण्यासारखं घडलं त्या सगळ्या वेळात तो माझ्या छातीवर बसलेला होता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडं रीतीभातींचं खातं गिरिजाकाकूंकडं आहे. काकू म्हणजे माझी चुलती. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी सगळं गरजेपेक्षा जास्त दिसतं. त्यांनी भिंतीला टेकून बसल्या बसल्या मुहूर्त काढला.

"बुधवारी न्हाय जायचं. शनवारी तर न्हायच न्हाय. मंगळवारी आमुशा. राहिला बेस्तरवार. आन् हे बग हिंमता, सांगून जायचं न्हाय."

"म्हणजे?"

"मयताच्या घरला फोन करून आमी येताव म्हनून सांगत्यात व्हय? पाव्हणचाराला निगालाव का आपन? न सांगता जायचं. दारात गेलं की रडायचं. आन् वाटंत कुणाच्या घरात टेकायचं न्हाय, कुणाच्या घरचं पानी तोंडाला लावायचं न्हाय."

माझी बायको लक्ष्मीबाई हळूच म्हणाली, "पण काकू, पत्ता सापडला नाही तर? कुमारला एक फोन…"

यावर काकूंनी तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच माझ्याकडं पाहिलं. कारण मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस आहे. मुरूम, तेर, तुळजापूर अशा ठिकाणी उभा जन्म लोकांचे पत्ते वाचण्यात घालवला. तुळजापुरात असताना 'देवीच्या दारात, उजव्या अंगाला, नारळवाल्याच्या सासऱ्यास मिळे' एवढ्यावर मी टपाल पोहोचतं केलेलं आहे, आणि त्या नारळवाल्याला दोन सासरे होते. अशा माणसासमोर पत्ता सापडणार नाही म्हणणं हा अपमान असतो. मी म्हणालो, "पत्ता मला पाठ आहे." तो खरोखरच पाठ होता. कुमारनं वास्तुशांतीच्या वेळी फोनवर सांगितला होता: इमारतीचं नाव, मेट्रोचा अमुक नंबरचा खांब, कुकटपल्ली, हैदराबाद, पिनकोड. वास्तुशांतीला जाणं झालं नव्हतं, पण पत्ता तेव्हापासून डोक्यात होता.

ही बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत हैदराबादला न गेलेला माणूस नाही, आणि प्रत्येकाचं हैदराबाद वेगळं आहे. औषधाच्या दुकानवाल्याचं हैदराबाद म्हणजे एक मोठा दवाखाना आणि त्याच्यासमोरची लॉज. शेजारच्या गुरुजींचं हैदराबाद म्हणजे चारमिनार, आणि ते त्याच्या पुढं जायला तयारच नाहीत. एक जण म्हणाला पटणचेरूला उतरून सिटी बस धरा. दुसरा म्हणाला पटणचेरूला चुकूनही उतरू नका. दुखवट्याला जाणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही, पण सल्ला मात्र उंबऱ्यापर्यंत येऊन देतात.

गाडी बलभीमची. बलभीम आमच्या मागच्या आळीतला, पूर्वी ट्रकवर होता, आता बोलेरो चालवतो. पुढच्या काचेवर भलं मोठं 'आई तुळजाभवानी प्रसन्न' लिहिलेलं आहे, त्यामुळं त्याला रस्त्याचा निम्माच भाग दिसतो. तो म्हणाला, "मास्तर, तुमी निस्तं बसा. हैदराबाद म्हंजी माजं घर हाय. किती वर्सं तूर घिऊन गेलाव."

बेस्तरवारी पहाटे लक्ष्मीबाईनं भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि काकूंनी त्याचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. उमरग्याला हमरस्ता लागला. जहीराबाद गेलं, संगारेड्डी गेलं. पुढं रस्त्याच्या डोक्यावर मेट्रो सुरू झाली. मधोमध खांब, खांबांवर नंबर. मी काचेतून नंबर वाचायला लागलो आणि मला पोस्टात असल्यासारखंच वाटलं. नंबर एकामागून एक शहाण्यासारखे येत होते. आमचा खांब आता येणार असं दिसत होतं.

"बलभीम, जरा हळू. इथंच कुठंतरी आहे."

"मास्तर, मधीच कसं उतरता? मला उस्मानगंजापास्नं रस्ता म्हाईत हाय."

"अरे पण कुकटपल्ली हीच!"

"आसंल. पर मला ती उस्मानगंजाकडनं म्हाईत हाय. तिकडं गेल्याबिगर हिकडचं डोक्यात येत न्हाय."

हे मी आधी थट्टा समजलो. पण तो गंभीर होता. कित्येक वर्षं त्यानं तुरीची पोती घेऊन थेट उस्मानगंजचा बाजार गाठला होता आणि तिथून शहरात जायचं तिथं गेला होता. त्याच्या डोक्यातलं सगळं हैदराबाद त्या बाजाराच्या तोंडाशी सुरू होत होतं. बरं, मी जोर करून थांबवलं असतं, तर मागून काकू म्हणाल्या, "डायवरला टोकू नगं, हिंमता. त्याला येतंय." बोलेरो आमच्या खांबाखालून सुसाट पुढं गेली. मी मान वळवून तो नंबर पाहिला. बरोबर होता.

उस्मानगंजला पोहोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मुरूमहून उमरग्याला दोनदा जाऊन आलो असतो. बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही असं बलभीमला गाडी अडकल्यावर आठवलं. पण त्याची तिथं ओळख निघाली. एका अडत्यानं दुकानातूनच हात केला, वर घरात चला, चहा घ्या म्हणाला. काकूंनी गाडीच्या काचा वर करून घेतल्या. बलभीम मात्र निवांत उतरला. "मी डायवर हाय, मला दुकवटा लागत न्हाय," असं म्हणून तो वर गेला आणि चहाबरोबर खारी खाऊन आला. आम्ही तिघं त्या उकाड्यात काचा लावून बसलो होतो. येणारे-जाणारे वाकून पाहत होते.

"कुमारला फोन लावा," लक्ष्मीबाई म्हणाली.

"आमच्या घरात आशा येळंला फोन लावलेला न्हाय कुनी," काकू म्हणाल्या.

"आपल्या घरात फोन येऊनच किती वर्षं झाली, काकू?"

यावर काकूंनी डोळे मिटले.

त्या अडत्याला मी खांबाचा नंबर सांगितला. तो म्हणाला, "पिलर नंबर? हौ, मेहदीपट्टणम के आगे, अत्तापूर में मिलता. उदर सब पिलरइच पिलर हैं." माणूस जन्मापासून त्या शहरातला. मी विश्वास ठेवला. मेहदीपट्टणमच्या पुढं एक लांबच लांब पूल निघतो, आणि त्याच्याही खांबांवर नंबर आहेत. आमचा नंबर तिथंही होता. खाली एक पंक्चरवाला आणि शहाळ्यांचा गाडा होता. इमारत नव्हती, मेट्रो नव्हती. एकाच शहरात एकाच नंबरचे दोन खांब ठेवणाऱ्याला आमच्या खात्यात एक दिवस ठेवलं नसतं.

आता मी शेवटचं हत्यार काढलं. पिनकोड. माणूस खोटं बोलेल, खांब खोटं बोलेल, पिनकोड बोलत नाही. आपण कुठल्या पिनच्या हद्दीत आहोत एवढं कळलं की किती सरकायचं ते मला कळणार होतं. मी उतरलो आणि पहिल्या भल्या दिसणाऱ्या गृहस्थाला अदबीनं विचारलं, "आपका पिन नंबर क्या है?" तो दोन पावलं मागं सरकला आणि खिशावर हात ठेवून निघून गेला. दुसऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "इस उमर में ये धंदा? शरम नहीं आती, चाचा?" तिसऱ्याला विचारायच्या आत पंक्चरवाला टायर टाकून उठला. उभ्या आयुष्यात माझ्यावर एका पैशाचा ठपका नाही, आणि अत्तापूरच्या पुलाखाली मी चोर ठरलो. गाडीत बसल्यावर मी तोंड खिडकीकडं केलं. कुणी मला बोलायलाही लावलं नाही, याचंही वाईट वाटलं.

"तुमच्या मोबाईलमध्ये कुमारनं ते लोकेशन पाठवलं होतं ना," लक्ष्मीबाई म्हणाली. "ते लावा. त्याला फोन म्हणत नाहीत."

काकूंनी विचार केला. "त्यात बोलावं लागतंय का?"

"नाही."

"मंग लाव."

मोबाईलमधली बाई बलभीमला डावीकडं जा, उजवीकडं जा असं सांगू लागली. बलभीमनं आयुष्यात बायकोचंही इतकं ऐकलेलं नाही. शहर बदलत गेलं. मशिदी, मिठाईची दुकानं मागं पडली आणि आभाळात घुसलेल्या काचेच्या इमारती आल्या. रस्त्यावर माणूस दिसेना, विचारायचं कुणाला हा प्रश्नच मिटला. "आपण पोहोचला आहात," असं त्या बाईनं सांगितलं तेव्हा समोर काचेचा डोंगर उभा होता आणि आत गळ्यात पट्टे घातलेली पोरं कॉफी पीत होती.

हे कुमारचं ऑफिस, पाटीवर त्याच्या कंपनीचं नाव होतं. पोरानं कधीतरी ऑफिसात बसून लोकेशन पाठवलं होतं, ते त्याच्या खुर्चीचं निघालं.

काकूंनी काचेला नाक लावून पाहिलं. "हितं ऱ्हाती हारणा?"

"नाही, काकू. इथं कुमार काम करतो."

"मग त्येच्या घराचं लोकेसन कुनाकडं हाय?"

दुपार कलली होती. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं, आणि काकूंच्या मांडीवर भाकरी. मला सारखं वाटत होतं की हारणी दाराकडं बघत असेल. लहानपणी शाळेतून मला उशीर झाला की ती जेवायची नाही, आईचा मार खायची पण जेवायची नाही. मी बाहेर बघितलं. बलभीम पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, त्या सकाळच्या खांबाकडं जाऊ. आता तुमी सांगा, मी चालवतो."

सकाळच्या खांबापाशी पोहोचलो तेव्हा दिवे लागायला आले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तशाच उंच इमारती, एकाच रंगाच्या, एकाच बिल्डरच्या. नाव वाचायला जावं तर पाटीवर इंग्रजी अक्षरं अशी वळवळलेली की एवढं टपाल वाचलेल्या माझ्या डोळ्यांना ती लागेनात. अलीकडची बाजू धरून आम्ही पहिल्या फाटकाशी गेलो. तिथं रखवालदार होता, हातात मोबाईल.

"किसके पास जाना? फ्लॅट नंबर? फोटो खिंचता मैं. फिर उनकू फोन जाता, उनो हौ बोले तो छोडता."

फ्लॅट नंबर मला कुमारनं सांगितलाच नव्हता. आणि फोन! सकाळपासून ज्या एका फोनसाठी आम्ही सगळं हैदराबाद पालथं घातलं तो आता हा परका माणूस थेट मयताच्या घरात लावणार. "भैया, फोन मत करो," मी हात जोडले. "फोन बिगर एंट्री नै, चाचा," तो म्हणाला. "रूल है." मी त्याला आमची रीत समजावून सांगू लागलो, तो मला त्याची रीत सांगू लागला. दोघांच्याही रीती पक्क्या होत्या.

तेवढ्यात मागं काकूंनी ठरवलं की फाटक म्हणजे दारच. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि हंबरडा फोडला. "माज्या हारणे गंऽऽ, तुजं कसं गं झालं हेऽऽ!" काकूंचा आवाज मुरुमात चार गल्ल्या ऐकू जातो. लक्ष्मीबाईही सुरू झाली, आणि ती खरंच रडत होती. दिवसभराचं साचलेलं होतं. रखवालदाराचा चेहरा उतरला. त्यानं मोबाईल खिशात टाकला. "मय्यत के वास्ते आये क्या? पहले बोलना ना, अम्मा. बी ब्लॉक, चौथा माला. जाओ, जाओ."

लिफ्ट वर गेली. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग. काकू आणि लक्ष्मीबाई पदराआड रडत रडत आत शिरल्या. मी आणि बलभीम रीतीप्रमाणं खाली मान घालून, उपरण्यानं तोंड झाकून भिंतीशी बसलो. काकूंनी चाचपडत मधोमध बसलेल्या बाईला मिठी मारली आणि ती बाई जी रडायला लागली ती थांबेना. मलाही आवरेना. मी डोळे पुसले, वर पाहिलं, आणि हार घातलेला फोटो दिसला.

फोटोतल्या गृहस्थांना भरघोस मिशा होत्या. आमच्या दाजींना मिशी नव्हती.

मी बलभीमला कोपरानं ढोसलं. त्यानं फोटो पाहिला आणि दाराकडं पाहिलं. पण काकूंनी गाठोडं सोडलं होतं. भाकरी मोडून, पिठल्याला लावून, त्यांनी घास त्या बाईच्या तोंडाशी नेला. खोलीत सगळे तेलुगूत कुजबुजू लागले. त्या बाईनं घास बघितला, काकूंकडं बघितलं, आणि तोंड उघडलं. तिची सून असावी, ती माझ्याजवळ येऊन हिंदीत म्हणाली, "अम्मा ने उस दिन से कुछ नहीं खाया था. आप लोग बाबूजी के ऑफिस से हैं?" मी मान हलवली. ती कशी हलली ते मला माहीत नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. भाकरी संपेपर्यंत आम्ही बसलो. निघताना त्या बाईनं काकूंचा हात सोडला नाही, सुनेला तो सोडवावा लागला.

लिफ्टमध्ये मी म्हणालो, "काकू, ती हारणी नव्हती."

"म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "मिठी मारली तवाच कळलं. हारणीचं अंग येवढं न्हाय."

"मग भाकरी का दिली?"

"तोंड उघडलं बाईनं. आता काय माघारी घ्यायचा व्हय घास?"

आम्ही फाटकाबाहेर आलो. रिकामं गाठोडं आता लक्ष्मीबाईच्या हातात होतं. रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीकडं जायचं होतं, आणि समोर फाटकाजवळ, फुटपाथच्या कडेला, जमिनीवर एक बाई बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला. गाड्या तिच्या पुढून जात होत्या. मी दुभाजकावरच थांबलो. नवरा गेलेल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. हारणी फाटकाबाहेर रस्त्यावर बसली होती. आम्ही रस्ता ओलांडला.

"दादा," ती म्हणाली. उठली नाही. "आलास."

"हारणे, इथं कशाला बसलीस?"

"काकू बेस्तरवारच काढनार, म्हाईत व्हतं मला. सकाळीच बोलेरो गेली ना हितनं. काचेवर आईचं नाव वाचलं म्या. हात केला. थांबलाच न्हाईस."

लक्ष्मीबाई म्हणाली, "अगं, मग कुमारनं तरी एक फोन करायचा!"

"करतो म्हनत व्हता. म्या नगं म्हनलं. दुखवट्याला येनाऱ्याला आपन बोलवायचं नसतंय."

काकू तिच्याजवळ खाली बसल्या. पण त्यांना रडायला आवाज राहिला नव्हता. हारणीनं माझ्या हाताकडं पाहिलं, लक्ष्मीबाईच्या हाताकडं पाहिलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं: समोरची इमारत, चौथा मजला, मिशा. माहेरची भाकरी परक्या घरी गेली, तेही सांगितलं.

तिनं रिकाम्या गाठोड्याचं फडकं घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "खाल्ली का तिनं?"

"खाल्ली."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्या काय भाकरीसाठी बसले नव्हते, दादा."

"मग कशासाठी गं?"

"तू कवाबी हैदराबादला आलास तर हे स्टँडवर येऊन हुबं ऱ्हायाचे. मी म्हनायची, कशाला जाता, पत्ते वाचनारा मानूस हाय, त्येला येतंय. तर हे म्हनायचे, त्येला काय बी येत न्हाय, यष्टीतनं उतरला की माज्या मागं मागं येतो आन् म्हनतो मला हैदराबाद पाठ हाय. त्येला सांगू नगंस, वाईट वाटंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता हे न्हाईत. मंग कुणी हुबं ऱ्हायाचं? म्हनून सकाळपास्नं मीच बसले."

सबंध दिवसात पहिल्यांदा मी रीतीशिवाय रडलो. भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, तोंडावर उपरणं न घेता. दाजींच्या पाठीमागं चालत मी किती वेळा त्या शहरातून गेलो होतो, आणि त्यांनी ते मला एकदाही कळू दिलं नव्हतं.

या फाटकावरचा रखवालदार मोबाईल घेऊन आला. "किसके यहाँ जाना है?" तो मला विचारत होता. मला सांगता येईना.

हारणी जमिनीला हात टेकून उठली. "हमारे यहाँ," ती त्याला म्हणाली, आणि माझं मनगट धरून म्हणाली, "चल दादा. हिकडनं."